ठिपकीला घर हवंय, पण आधी वाटी कोण भरणार ते शोधा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शाळा सुटली की तुम्ही तालुक्याच्या गावातल्या छोट्या शेल्टरवर मदतीला जाता. तिथं दीड-दोन वर्षांची एक काबरी मांजर आहे, ठिपकी. बाजारामागच्या नालीतून काढली तेव्हाच तिचा डावा डोळा गेलेला होता. आता जखम भरली आहे, निर्बीजीकरण झालंय, लसी झाल्यात. सात महिने तुम्ही तिचे फोटो टाकताय. लाल बदाम येतात, 'किती गोड' येतं, पण न्यायला कोणी येत नाही. एका धान्यवाल्याला गोदामातल्या उंदरांसाठी ती हवी आहे. आणि आई म्हणते, मच्छीबाजारात सोडून दे, तिथं उपाशी नाही मरणार. तुमचा प्रश्न असा की हिला प्रेम करणारं घर कुठं मिळेल, आणि तोवर या दोघांना काय उत्तर द्यायचं.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. २९ वर्षं नोकरी झाली, बरीचशी राळेगाव, कळंब, घाटंजी या पट्ट्यात. गाई, बैल, बकऱ्या हे आमचं काम. मांजर आमच्या रजिस्टरात कधी नव्हती, पण सकाळी दवाखाना उघडायला गेलो की पायरीवर कोणीतरी खोक्यात पिलं ठेवून गेलेलं असायचंच. तिथून हा नाद लागला तो निवृत्तीनंतरही सुटला नाही. आजवर शंभरावर मांजरी घरोघरी दिल्या असतील. बऱ्याच टिकल्या, काही फसल्या, आणि फसलेल्याच जास्त लक्षात आहेत. मी सांगतोय ते आपल्या खेड्यापाड्यांपुरतं आहे. नागपूरच्या फ्लॅटमध्ये मांजर द्यायची असेल तर जाळी, बाल्कनी, घरमालक असे वेगळेच प्रश्न येतात, त्यातलं मला फार कळत नाही.

तुमची खरी अडचण मला अशी दिसते. तुम्ही 'प्रेम करणारं घर' शोधताय, आणि आपल्याकडे मांजर दत्तक घ्यायची रीतच नाही. कुत्रा आणतात, गाय विकत घेतात, मांजर मात्र आपली आपण येते. कुटारात पिलं घालते, चुलीपाशी येऊन बसते, आणि एक दिवस घरातलं कोणीतरी तिच्यासाठी वाटी बाजूला ठेवायला लागतं. 'आम्ही मांजर पाळली' असं कोणी म्हणत नाही, 'आमच्याकडे एक मांजर आहे' म्हणतात. त्यामुळे ज्यांच्या घरी ठिपकी सुखात राहील, ती माणसं स्वतःला मांजरप्रेमी समजतच नाहीत. तुमच्या पोस्टवर बदाम टाकणारी ती नव्हेत. त्यातल्या अर्ध्यांच्या फोनला नेटसुद्धा नसेल.

म्हणून मी घर शोधत नाही, वाटी भरणारा माणूस शोधतो. प्रत्येक घरात तो एकच असतो. लेकरू हट्ट करतं, बाप 'आणू' म्हणतो, आणि वाटी भरायची वेळ आली की ती भरते आजी, नाहीतर सून, नाहीतर सालदार. त्या माणसाचा होकार नसेल तर बाकी पाच जणांच्या होकाराला काही अर्थ नाही. मी घरी गेलो की पहिल्या दहा मिनिटांत कर्त्या माणसाशी बोलणं उरकून घेतो आणि मग चुलीकडच्या बाईला विचारतो, "बाई, तुमचं काय म्हणणं?" त्या बाईनं पदर सावरत "मले काय, आना" म्हटलं आणि नजर दुसरीकडे वळवली, तर मी मांजर नेत नाही. "दूध पेते का ते? रात्री कोठं झोपते?" असं उलट तिनंच विचारलं तर काम झालं.

आता गोदामाचं. यात मी अजून सावध आहे, कारण इथंच माझ्या हातून मोठी चूक झालेली आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका दालमिलवाल्याला मी भुरकट रंगाची एक तगडी मांजर दिली. माणूस चांगला होता. रोज अर्धा लिटर दूध लावलं, रखवालदाराला ताकीद दिली. मी सगळं विचारलं, एक सोडून. तीन आठवड्यांनी फोन आला, मांजर पोत्यांमागं पडून आहे, उठत नाही. जाऊन ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक, कागदासारख्या. नाकाशी रक्त सुकलेलं, श्वास पोटातून घेत होती. गोदामात उंदीर मारायचे निळे केक ठेवलेले होते. मालकाचं म्हणणं, "पण ती केक खातच नव्हती, साहेब." खरंच नव्हती. केक उंदीर खात होते. त्या केकमध्ये बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोन असतं. त्यानं रक्त गोठायचं थांबतं, पण उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस सुस्त होऊन फिरतो, आणि सुस्त उंदीर मांजरीला आयता सापडतो. असे चार-सहा पोटात गेले की तिचं रक्तही गोठेनासं होतं. वेळेत कळलं तर व्हिटॅमिन के-१ चा लांबलचक उपचार आहे. आम्हाला वेळेत कळलं नाही. घरीदारी वापरतात ती काळी पावडर, झिंक फॉस्फाइड, तिला तर उताराच नाही.

तेव्हापासून मांजर देण्याआधी माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "उंदराचं औषध ठेवता का? घरात, कोठ्यात, शेजारी?" शेजारी हा शब्द मुद्दाम. मांजरीला सातबारा कळत नाही.

एवढं सांगूनही गोदामाला मी सरसकट नाही म्हणणार नाही. कामाची मांजर म्हणजे बेवारस मांजर नव्हे. अंगाला हात लावू न देणाऱ्या, माणसाला बिचकणाऱ्या मांजरींना घरापेक्षा गोदाम, कोठा किंवा वावरातलं घरच मानवतं. अट एवढीच की विष पूर्ण बंद हवं, रात्री तिथं झोपणारा माणूस हवा, रोज खाणंपाणी मिळावं, आणि जमलं तर दोन मांजरी एकत्र न्याव्यात. मालक म्हणतात, पोट भरलं तर उंदीर कशाला मारेल? तसं नसतं. शिकार हा भुकेचा नव्हे, स्वभावाचा भाग आहे. जेवलेली मांजरही उंदरावर झडप घालते, कधी नुसतंच मारून तुमच्या चपलेशेजारी आणून ठेवते. उपाशी मांजर उलट गोदाम सोडून शेजारच्या दुधाकडे जाते. पण ठिपकी सात महिने माणसांत राहिली आहे, मांडीवर येते असं तुम्हीच लिहिलंय. तिला गोदामात देऊ नका. त्या धान्यवाल्याला नाराजही करू नका. शेल्टरवर एखादी रानवट मांजर असेल, निर्बीजीकरण झालेली, तर विषाचं बोलून घेऊन तिच्यासाठी त्यांना विचारा.

आईला काय सांगायचं? मच्छीबाजारात आधीच दहा मांजरी असतात आणि त्यांनी जागा वाटून घेतलेल्या असतात. एका डोळ्याची नवखी मांजर तिथं गेली की पहिल्या रात्री बोके आणि कुत्री मिळून तिला हुसकावतात. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम ११ मध्ये, उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर टाकून देणं हाही गुन्हाच आहे. पण आईपुढं कायदा काढू नका. आमची आजी म्हणायची, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर काशीला वाहावं लागते. कलमापेक्षा हे जास्त चालतं.

ठिपकीला कसलं घर चालेल, हे तिच्या डोळ्यावरून ठरवू या. एका डोळ्याची मांजर छान जगते, उंदीरही धरते, कारण तिचे कान आणि मिशा शाबूत आहेत. अडचण दोनच ठिकाणी येते. आंधळ्या बाजूनं अचानक हात लावला की ती दचकते आणि बोचकारते, म्हणून दोन-तीन वर्षांचं हातघाईचं लेकरू असलेलं घर नको. दुसरं, अंतराचा अंदाज तिला नीट येत नाही. उडी मारताना चुकते. त्यामुळे आवारात बिनकठड्याची विहीर किंवा उघडा हौद असेल तर मी देणार नाही. घर हमरस्त्याला लागून नसावं. मोकाट सोडलेली तीन-तीन कुत्री नसावीत. एखादा म्हातारा, सुस्त कुत्रा असेल तर हरकत नाही, महिनाभरात दोघं एकाच पोत्यावर झोपतात.

माझं मत विचाराल तर ठिपकीला म्हातारं माणूस बघा. एक उदाहरण सांगतो. चार वर्षांमागं माझ्याकडे अशीच एक होती, मागचा पाय मोडून आखूड झालेली. आम्ही तिला चंपी म्हणायचो. कोणी घेईना. आमच्या गावापासून सहा-सात किलोमीटरवर एक आजीबाई राहते, दोन्ही मुलं पुण्याकडे कंपनीत. मी तिच्या गाईसाठी जायचो. एकदा विषय काढला तर म्हणाली, "मले काय करायची मांजर? मीच कोनाच्या हातच्या भाकरीची वाट पाह्यतो." मी म्हटलं, बरोबर आहे, पण माझ्याकडे जागा नाही, पंधरा दिवस ठेवा, मग घेऊन जातो. पंधरा दिवसांनी गेलो तर मांजर सपरीवरच्या खाटेखाली, आणि खाटेच्या पायाशी जर्मनची वाटी. आजी बोललीच नाही. मी क्रेट हातात घेतली तेव्हा म्हणाली, "आज कायले नेता? आज शनवार हाये." पुढच्या वेळी अमावस्या होती. त्याच्या पुढच्या वेळी मी क्रेट नेलीच नाही.

यात थोडी लबाडी आहे, मान्य. पण 'कायमची घ्या' म्हटलं की माणूस पुढच्या पंधरा वर्षांचा हिशेब करतो. मांजर तेवढी जगू शकते, त्यामुळे त्याचा हिशेब चुकीचाही नाही. 'पंधरा दिवस ठेवा' म्हटलं की तो फक्त आजच्या भाकरीचा विचार करतो. म्हाताऱ्या माणसाला देताना मात्र एक गोष्ट आधी ठरवून ठेवा: उद्या त्यांचं काही झालं किंवा मुलांनी शहरात नेलं, तर मांजर परत तुमच्याकडे येणार. मी हे शेजारच्या घरातही सांगून ठेवतो, नंबर भिंतीवर खडूनं लिहून ठेवतो.

आता वेळेचं सांगतो, कारण आपल्याकडे बरेच जण इथंच चुकतात. दिवाळीच्या सुमारास मांजर देऊ नका. फटाके हे एक कारण झालं. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे कापूस. वेचणी सुरू झाली की समोरच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरतात. मांजरीच्या दृष्टीनं ती जगातली सगळ्यात मऊ, कोरडी, उकरता येणारी जागा. तिनं त्यात एकदा मुतलं की तिचा कितीही लळा असो, त्याच दिवशी घराबाहेर. आणि मालकाला दोष देता येत नाही. वर्षाचं पीक ते. भाव आधीच कमी, त्यात ओला डाग आणि वास. अशा दोन मांजरी माझ्याकडे परत आल्यात. आषाढ ते भादवा फवारणीचे दिवस. अंगावर औषध उडालेले कपडे ओसरीवर टाकलेले असतात, मांजर त्यावर लोळते आणि मग अंग चाटते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशात टिनाखाली बंद खोलीत मांजर ठेवणं म्हणजे छळ, आणि लग्नसराईत घरं चार-चार दिवस कुलूपबंद असतात.

मग उरतं काय? माघ-फाल्गुन. कापूस विकून झालेला असतो, तूर, हरभरा, गहू घरात येतो, पाठोपाठ उंदीर येतात. पोती कुरतडली जातात आणि बाया म्हणायला लागतात, "उंदरायनं हैरान करून सोडलं जी." त्या आठवड्यात तुम्ही मांजर घेऊन दारात उभ्या राहिलात तर तुमचं ओझं कमी करायला नव्हे, त्यांच्या मदतीला आल्यासारख्या दिसता. आत्ता हंगाम नसेल तर थांबा. सात महिने काढलेत, आणखी दोन निघतील. शेल्टरवर फारच गर्दी असेल, किंवा ठिपकी खाईनाशी झाली असेल, तर मात्र ही वाट बघणं मी सांगणार नाही.

फोटो टाकणं बंद करा असं म्हणत नाही, मजकूर बदला. तुमच्या पोस्टमध्ये होतं: 'एका डोळ्याने आंधळी, नालीत फेकलेली बिचारी ठिपकी, तिला कोणी घर देईल का?' वाचणाऱ्याला वाईट वाटतं, तो बदाम टाकतो, त्याचं वाईट वाटणं संपतं. मी असं लिहिलं असतं: 'दोन वर्षांची मांजर आहे. पिलं होणार नाहीत, ऑपरेशन झालंय. मातीच्या घमेल्यातच घाण करते, घरात नाही. अंडं आणि भाकर खाते. दुपारभर झोपते, रात्री उंदीर धरते. एक डोळा नाही, तिचं काही अडत नाही. पंधरा दिवस ठेवून बघा, नाही पटली तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.' यात 'पिलं होणार नाहीत' हे वाक्य सगळ्यात वर ठेवा. खेड्यात मांजरीला नाही म्हणण्याचं पहिलं कारण तेच असतं. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत वितेही, आणि वर्षात घरात आठ-दहा पिलं फिरायला लागतात. लोक मांजरीला नाही, त्या गणिताला घाबरतात. आणि फोटो जाळीच्या आड काढलेला नको. ओसरीवर, जमिनीवर बसून, तिच्या उंचीवरून काढा, तेही उजव्या बाजूनं आणि समोरून, दोन्ही. डोळा लपवू नका, नाहीतर घरी आल्यावर फसवल्यासारखं वाटतं.

पोस्टपेक्षा जास्त घरं मला कुठं मिळाली सांगू? पिठाच्या गिरणीत. तिथं बाया दळणाच्या रांगेत अर्धा-अर्धा तास बसतात, आणि कोणाच्या घरची मांजर मेली, कोणाच्या घरी उंदीर झाले, हे सगळं तिथं कळतं. आशाताई, अंगणवाडीसेविका, दूध संकलनावरचा पोरगा, यांना सांगून ठेवा. आधीची मांजर म्हातारी होऊन मेली आणि वाटी अजून पालथी घालून ठेवली आहे, असं घर सापडलं तर दुसरं बघूच नका.

घरी गेल्यावर 'मांजर आवडते का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. "याआधीची मांजर होती, तिचं काय झालं?" हे विचारा आणि गप्प बसा. 'म्हातारी झाली, मेली' हे उत्तर चांगलं. 'कुत्र्यानं मारली' हे एकदा असेल तर समजू शकतो. 'गेली कुठंतरी', आणि त्याआधीची? 'तीही गेली', असं असेल तर त्या घराजवळ विष आहे किंवा रस्ता आहे, किंवा वाटी भरणारं कोणी नाही.

माळकरी किंवा महानुभावी घर असेल तर खाण्याचं आधीच स्पष्ट बोला. मांजर वाघाची मावशी खरीच. मांसातून मिळणारा टॉरिन नावाचा घटक तिचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही आणि तो नसेल तर डोळे आणि हृदय बिघडतात. नुसत्या दूध-पोळीवर ती दिसायला जगते, आतून खंगते. मोठ्या मांजरीला दूध पचतंही कमीच, पातळ शी होते. बाहेर फिरून उंदीर-सरडे धरणारी असेल तर ती आपलं आपण भागवते. मग घरात अंडं शिजलं नाही तरी चालतं, त्यांच्या आचाराला धक्का नाही. नाहीतर मांजरीच्या कोरड्या खाद्याचं पाकीट त्यांना चालतं का विचारा. बाकी घरी बाजाराच्या दिवशी कोंबडीवाल्याकडून स्वस्तात मिळणारं काळीज-मांस बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडून दिलं की झालं. कांदा-लसूण त्यात नको, मांजरीला तो विषासारखाच. शिजलेली हाडंही नकोत.

घरात गरोदर सून असेल तर कोणीतरी म्हणणारच की मांजरीनं बाळाला धोका होतो. हसून उडवू नका, त्यात तथ्य आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. ज्याची भीती, तो टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजरीच्या विष्ठेतून पसरतो, तोही बहुतेक तिला पहिल्यांदा लागण झाल्यावरचे एक-दोन आठवडे, आणि विष्ठा बाहेर पडल्यावर एक दिवस तरी जाऊन मगच तो बाधतो. घमेलं रोजच्या रोज दुसऱ्या कोणी साफ केलं आणि सुनेनं मातीत काम केल्यावर हात धुतले की धोका फार कमी होतो. कच्चं-अर्धकच्चं मांस आणि न धुतलेला भाजीपाला यांचं भय उलट जास्त. तरी घर घाबरलेलं असेल तर बाळंतपण होऊ द्या, मग बोला. भीती घेऊन ठेवलेली मांजर टिकत नाही.

मांजरीसोबत तिच्या लसींचा कागद द्या. तीन रोगांची एकत्रित लस आणि रेबीजची लस, दोन्हींच्या पुढच्या तारखा मोठ्या अक्षरात लिहा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मांजरीची लस असेलच असं नाही, आमच्याकडे नसायचीच. जिल्ह्याच्या गावी विचारा. काही गुंतागुंतीचं निघालं तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं, तिथं मांजरीही तपासतात. आणि तीन गोष्टी तोंडी सांगा, कारण कागद कोणी वाचत नाही. मांजरीला ताप वाटला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळीसुद्धा जीव घेते. आणि गोचिडांसाठी ढोरांना मारायचं औषध तिच्या अंगाला लावू नका. चावली किंवा बोचकारलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, हळद लावून बसायचं नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: गोदामाला ठिपकी नको, मच्छीबाजार नकोच नको, म्हातारं किंवा शांत घर बघा, विष आणि विहीर तपासा, माघ-फाल्गुन गाठा. आता नेऊन सोडण्याचं, कारण चांगलं घरसुद्धा पहिल्या तीन दिवसांत हातचं जातं.

आपल्याकडे म्हणतात, मांजर पोत्यात घालून नाला ओलांडवली की परत येत नाही. येते, किंवा येण्याच्या नादात हरवते. मांजरीचा जीव माणसाइतकाच जागेत असतो. टमाट्याच्या दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधल्या की उत्तम पेटी होते, हवाही खेळते. आत तिचं रोजचं पोतं, न धुतलेलं. तो वास हाच तिचा पत्ता. संध्याकाळी न्या, दुपारी नको. त्या घरात एक खोली आधीच ठरवून ठेवा, खिडकीला जाळी, धाब्याला भोक नाही. एका कोपऱ्यात वाटी आणि पाणी, समोरच्या कोपऱ्यात घमेल्यात कोरडी माती आणि थोडी राख. तिच्या शेल्टरच्या घमेल्यातली मूठभर माती त्यात टाका, ती लगेच समजते. दोन ते तीन आठवडे त्या खोलीबाहेर सोडायचं नाही. वाटी रोज त्याच माणसानं, त्याच वेळी, तीच हाक मारून ठेवायची. बाहेर सोडायचं ते खाण्याच्या आधी, उपाशीपोटी, म्हणजे हाकेला परत येते.

पहिले एक-दोन दिवस ती फडताळामागं बसून राहील. तिला ओढून काढू नका. पण दोन दिवस पूर्ण झाले आणि अन्नाला तोंडच लावलं नाही, तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टर गाठा. मोठी मांजर उपाशी राहिली की तिच्या यकृतात चरबी साठते आणि ती फार लवकर ढासळते. अंगावर चार पैशांची चरबी असलेल्या मांजरीला हा धोका जास्त, आणि शेल्टरवर ठिपकी गोल झालीय असं फोटोत दिसतंय. निसटलीच तर चार गावं फिरू नका. बहुतेक मांजरी पहिल्या काही घरांच्या परिघातच, पऱ्हाट्यांच्या गंजीत किंवा कोठ्याच्या आढ्यावर दडून असतात. रात्री गाव निजल्यावर तिचं पोतं दाराशी टाकून हाक मारा.

पैसे घ्यायचे का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. मी पैसे घेत नाही, पायलीभर ज्वारी मागतो, शेल्टरच्या नावानं. ज्यानं पायलीभर ज्वारी मोजून दिली तो मांजर सहजी सोडून देत नाही, असा माझा अनुभव. जो म्हणतो 'मांजरीची पण ज्वारी लागते का', त्याच्याकडून मी तसाच परत येतो.

आणि नेऊन दिल्यावर तीन आठवडे तुम्ही भेटायला जाऊ नका. तुम्ही सात महिने तिचं सगळं केलंय, तुमचा आवाज ऐकला की ती दाराकडे धावेल आणि त्या घरातलं वाटी भरणारं माणूस हिरमुसेल. फोन करा. फोनवरही 'ठिपकी कशी आहे' विचारू नका, 'मांजर कशी आहे' विचारा. मागच्या पोळ्याला मी त्या आजीबाईंच्या घरी गेलो होतो. चंपी सपरीवर पाय पसरून पडली होती. मी "चंपे" म्हणून हाक मारली, तिनं कानही हलवला नाही. आतून आजीनं "सोनाबाई" म्हटलं आणि ती लंगडत लंगडत चुलीकडे गेली.